काका, तब्येत कशी? – न्यू जर्सीतली एक वसुली

अमेरिकेचं प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही आता खुर्चीत नीट सरसावून बसला असाल. येऊ दे तो नायगारा, म्हणत असाल. मग तो मशाल धरलेल्या बाईंचा पुतळा, मग त्या काचेच्या इमारती, रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा नाही हो, आणि शेवटी आपल्या मातीच्या आठवणीने एक हुंदका. तर तसं काही नाहीये. नायगारा मी पाहिला नाही. पुतळा विमानातून दिसला असं शेजारचा म्हणाला, पण तो त्याच्या बाजूच्या खिडकीतून. कागदाचे कपटे रस्त्यावर पाहिले, त्यातला एक माझाच होता. बारा दिवसांत मी अमेरिकेत जे काही पाहिलं ते असं: साडीच्या दुकानाच्या वरचा मजला, कोर्टातली एक खिडकी, एक जिना, आणि लोकांच्या घरातले सोफे. कारण मी फिरायला गेलोच नव्हतो. मी वसुलीला गेलो होतो.

आता तुम्हाला वाटणार, कुणीतरी गोऱ्या साहेबाने गरीब मराठी पोराला गंडवलं. तेही नाही. ज्यांच्याकडून माझे पैसे यायचे होते ते वसंतकाका मूळचे साताऱ्याचे. चाळीसेक वर्षं तिकडे आहेत, इंजिनियर म्हणून गेले, रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून कंपनी काढली. स्वभावाने इतका गोड माणूस की तुम्ही त्यांच्याकडे भांडायला गेलात तर जेवून परत येणार. मी चारदा जेवलो.

मी बार्शीचा. धंदा आवाजाचा. शाळेत असताना मुख्याध्यापकांच्या आवाजात ‘आज अर्धी सुट्टी’ अशी घोषणा करून मी अख्खी शाळा घरी पाठवली होती. त्याबद्दल जो मार बसला तो माझ्या करिअरचा शुभारंभ. पुढे मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागलो. एसटी स्टँडवरची ती नाकातली घोषणा, बँकेत ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणणारा साहेब, लग्नात ‘जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही’ म्हणणारे मामा. त्यातला एक व्हिडिओ वसंतकाकांनी पाहिला आणि थेट फोन केला.

त्यांची कंपनी दवाखान्यांसाठी फोन उचलणारं मशीन बनवते. तिकडे मुलांकडे राहायला आलेले आपले म्हातारे लोक डॉक्टरला फोन लावतात, मशीन इंग्रजीत बोलायला लागतं, हे घाबरून फोन ठेवतात. काकांना मशीनला मराठी शिकवायचं होतं. आणि मराठी म्हणजे पुस्तकातली नव्हे. आपल्याकडे ‘काय त्रास होतोय’ असं विचारलं तर माणूस त्रास सांगत नाही. आधी ‘तसं काही विशेष नाही’ म्हणतो, मग सुनेबद्दल बोलतो, मग पावसाबद्दल, आणि फोन ठेवता ठेवता म्हणतो की छातीत जरा दुखतंय. हे सगळं मशीनला समजावून सांगणारा माणूस म्हणजे मी. हुद्दा, व्हॉइस कन्सल्टंट. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे बडबडच ना?’

तीन महिने काम केलं. एकट्याच्या आवाजाने भागेना म्हणून गावातले तिघे घेतले. एक भाजीवाली पारूमावशी, एक रिटायर कंडक्टर, आणि मला शाळेत गणित शिकवलेल्या देशमाने बाई. ठरले चार हजार दोनशे डॉलर. त्यातले निम्मे माझे, निम्मे त्या तिघांत. काका फोनवर म्हणाले होते, ‘करार वगैरे पाठवू का रे?’ त्यावर ‘काका, आपल्यात कसला कागद!’ हे अजरामर वाक्य ज्या गाढवाने उच्चारलं, तेच गाढव तुम्हाला हे प्रवासवर्णन सांगतंय.

काम संपलं. अकरा महिने झाले. पैसे नाहीत.

मला एकट्याला चाललं असतं हो. पण देशमाने बाईंची गच्ची गळत होती. माझ्या शब्दावर त्यांनी भिशीत मंदाकाकूंची पाळी मागून घेतली, ‘दोन महिन्यांत तुझे तुला देते’ म्हणून. गच्ची झाली. मंदाकाकूंच्या मुलीची नर्सिंगची फी राहिली. भिशी दर महिन्याला बसते, म्हणजे बाई दर महिन्याला मंदाकाकूंच्या समोर बसतात. बाईंनी पेन्शनमधून थोडे थोडे द्यायला सुरुवात केली. मी रस्ता बदलून जायला लागलो. सापडलोच तर सांगायचो, ‘बाई, अमेरिकन कंपनी आहे. प्रोसेस असते.’

तेवढ्यात काकांच्याच न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहणाऱ्या मीनलताईचा फोन आला, दिवाळीला ये, तिकीट मी काढते, येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आण. व्हिसा आधी भाचीच्या बारशाला काढलेला पडून होता. मी ताईला म्हटलं, तुझी आठवण येतेय. ती म्हणाली, ‘किती पैसे पाहिजेत?’ बहीण ती बहीणच.

विमानाचा प्रवास सांगत नाही. बसलो, उतरलो. नेवार्कच्या विमानतळावर एका उंच, टकलू ऑफिसरने माझी बॅग उघडली. (तिकडच्या लोकांचं इंग्रजी मी इथे मराठीत सांगतोय. माझं इंग्रजी मात्र त्याहून वाईट होतं असं समजा.) त्याने कडक भाकरीचं पाकीट हातात घेतलं. करकर आवाज आला.

‘हे काय आहे?’

‘ब्रेड.’

‘तुटलाय.’

‘तुटलेलाच चांगला असतो.’

‘किती दिवसांचा आहे?’

‘पंधरा. अजून दोन महिने काही होत नाही त्याला.’

त्याने भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या मायेने आपण वेड्या माणसाला वाट करून देतो त्या मायेने मला जाऊ दिलं.

पिस्कॅटवे म्हणजे झाडं, एकसारखी घरं, आणि गाड्या. माणसं गाड्यांच्या आत असतात. पानं लाल, पिवळी, केशरी होऊन गळत होती आणि ती उडवायला प्रत्येक घरी एक पंप (लीफ ब्लोअर म्हणतात, आवाज पिठाच्या गिरणीसारखा) होता. हा आपल्या अंगणातली पानं त्याच्या अंगणात उडवतो, मग तो आपल्या अंगणातली याच्या. सगळे सुखी. ताईच्या टाउनहाऊसमध्ये (भिंतीला भिंत लागलेली दुमजली घरं) मला पहिल्याच दिवशी तळघरातला सोफा मिळाला. सहा वर्षांची भाची रिया मला एकच प्रश्न विचारायची, ‘मामा, व्हाय आर यू टॉकिंग लाइक बाबा?’ कारण भाऊजी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतात तसं मी किचनमध्ये बोलत होतो. ‘गाइज, लेट्स टेक धिस ऑफलाइन.’ भाऊजींना ते दोन दिवसांनी कळलं. त्यानंतर ते माझ्यासमोर मीटिंग घेईनात.

दुसऱ्या दिवशी जेवून मी फिरायला बाहेर पडलो तर मागून पोलिसांची गाडी हळूहळू यायला लागली. काच खाली झाली.

‘सर, सगळं ठीक आहे ना? गाडी बंद पडली का?’

‘नाही. चालतोय.’

‘कुठे?’

‘कुठे नाही. असंच. आमच्यात जेवल्यावर शंभर पावलं चालतात.’

‘तुम्ही कुठून निघालात?’

मी ताईचा पत्ता सांगितला. तो म्हणाला, ‘ते घर इथून दीड मैल आहे.’

‘जेवण जास्त झालं होतं.’

त्याने मला घरी सोडलं. ताईने दार उघडलं, दारात पोलीस आणि मी. तिचा चेहरा मी अजून नीट काढू शकलेलो नाही, सराव चालू आहे.

तिसऱ्या दिवशी भाऊजींनी ऑफिसला जाताना मला आयसेलिनला सोडलं. ओक ट्री रोडवर उतरलो आणि वाटलं, अरेच्चा, मी तर परत आलो. दागिन्यांची दुकानं, पाणीपुरी, रांगोळीचे रंग, आकाशकंदील, आणि पार्किंगवरून हिंदीत भांडणारी दोन माणसं. फरक एवढाच की भांडण संपल्यावर दोघंही ‘हॅव अ गुड वन’ म्हणाले. काकांची कंपनी एका साडीच्या दुकानाच्या वर. जिना चढलो. मनात पाठ केलेलं वाक्य होतं, ‘काका, माझ्या चार हजार दोनशे डॉलरचं काय?’ दार उघडलं, समोर काका. पांढरे केस, हातात बदाम.

आणि मी काय केलं? वाकून नमस्कार केला. संस्कार! डोकं त्यांच्या बुटांपाशी आणि वाक्य माझ्या घशापाशी. एकदा माणूस पायाशी वाकला की वर येताना त्याच्या तोंडून वसुली निघत नाही, हे मी स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलंय.

‘अरे सुहास! ये ये ये! शैलाला फोन लावतो, जेवायला घरीच चल!’ खांद्यावर हात टाकून काकांनी मला ऑफिसभर फिरवलं. सगळे मिळून सात जण. ‘हा आमच्या मराठीचा बाप,’ अशी ओळख करून दिली. कोपऱ्यात अकाउंट्स सांभाळणाऱ्या डेब्राबाई होत्या, चष्मा नाकावर, टेबलावर कॅक्टस. त्यांनी माझं नाव ऐकून मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोपर्यंत काकांनी मला पुढे ढकललं. मग टेबलाच्या खणातून एक पाकीट काढून माझ्या खिशात कोंबलं. ‘पहिल्यांदा आलायस, राहू दे.’ आत एक्कावन्न डॉलर. पन्नासच्या नोटेला वरचा एक चिकटवलेला.

घरी शैलाकाकूंनी पुरणपोळी केली होती. दिवाळीला पुरणपोळी का, असं विचारायचं नसतं. तिसऱ्या पोळीला काका आपण होऊन म्हणाले, ‘आणि हो, ते तुझं राहिलंय, लक्षात आहे माझ्या.’

बघा, देवाने ताटात वाढून दिलं होतं. आणि मी काय म्हणालो असेन?

‘छे हो काका, घाई नाही काही!’

काकूंनी चौथी पोळी वाढली.

पुढचे तीन दिवस असेच गेले. एकदा डोसा, एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम, जिथे काकांनी मला माइक देऊन आवाज काढायला लावले. मी सगळ्यांचे काढले, फक्त त्यांचा सोडून. तालमीनंतर परत जेवण. माझं वजन वाढलं, वसुली शून्य.

शेवटी भाऊजींनी गाडीत विचारलं, ‘तू रोज तिकडे जातोस कशाला?’ मी सांगून टाकलं. भाऊजी नागपूरचे, सरळ माणूस. म्हणाले, ‘अबे, मग कोर्टात जा ना! छोट्या रकमेचं वेगळं कोर्ट असतं इथे, वकीलसुद्धा लागत नाही.’ मी म्हटलं, काकांवर दावा? त्यांच्या पोळ्या खाल्ल्यात मी. भाऊजी म्हणाले, ‘पोळ्या खाल्ल्या म्हणून मशीन फुकट शिकवलं का बे?’

तर काउंटीच्या (म्हणजे तिकडचा जिल्हा) कोर्टात गेलो. कोर्ट म्हणजे मला वाटलं पायऱ्या, खांब, काळे कोट. निघाली एक काचेची खिडकी, पलीकडे एक जाडजूड, हसरी काळी बाई, नखांवर छोटी छोटी फुलं रंगवलेली. आवाज असा की मशीनने तिच्याकडून शिकावं.

‘बोल, बाळा.’

मी सांगितलं. तिने विचारलं, ‘करार आहे?’

‘नाही.’

‘इन्व्हॉइस? बिल पाठवलं होतं का?’

‘बिल… असं नाही.’

‘मग लेखी मागणी तरी? ईमेल, मेसेज, काहीही.’

‘मेसेज आहेत! अकरा महिन्यांचे आहेत!’ मी फोन काचेला लावला. तिने चष्मा लावला. स्क्रीनवर गणपती. त्याखाली माझा मेसेज.

‘हे काय लिहिलंय?’

‘गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा.’

‘छान. आणि पैसे कुठे मागितलेत?’

‘खाली. इथे. “काका, तब्येत कशी आहे?”’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘म्हणजे तब्येत विचारली.’

‘हो, पण ते पैशाबद्दल आहे.’

‘आणि त्यांनी काय उत्तर दिलं?’

‘“एकदम ठणठणीत! तुझी?”’

मागे रांगेत चार माणसं होती. तिने काचेखालच्या फटीतून फोन आत घेतला आणि शांतपणे मेसेज वरखाली सरकवले. गुढीपाडवा, तब्येत. अक्षय्य तृतीया, तब्येत, आणि ‘पाऊस कसा आहे तिकडे?’ दसऱ्याला मी फार कडक झालो होतो, लिहिलं होतं, ‘काका, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही.’

तिने फोन परत दिला. हातावर हात ठेवावा तसा काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘बाळा, हा माणूस तुझे पैसे बुडवतोय का ते मला माहीत नाही. पण तू अजून एकदाही मागितले नाहीयेस. घरी जा. एक कागद घे. त्यावर आकडा लिही. मग ये.’

मी जिन्यात बसलो. (कोर्टाला शेवटी एक जिना होता.) खरं सांगतो, हसू आलं नाही. देशमाने बाई दर महिन्याला त्या भिशीत बसतायत आणि मी इकडे पावसाची चौकशी करतोय.

पिस्कॅटवेच्या लायब्ररीत जाऊन बिल टाइप केलं. आयुष्यातलं पहिलं. ‘मराठी माणूस फोनवर कसा बोलतो याबद्दल सल्ला, तीन महिने.’ पुढे आकडा. तो आकडा टाइप करताना माझी बोटं अशी अडखळत होती की शेजारची चिनी आजी मदतीला आली. तिला वाटलं मला कॉम्प्युटर येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, काका जेवायला बाहेर पडले असतील अशी वेळ साधून, वर गेलो आणि कागद डेब्राबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि खुर्ची मागे टेकली.

‘अखेर! मी तुझ्या बिलाची हिवाळ्यापासून वाट बघतेय.’ आणि कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी दाखवली. ती उन्हाने पांढरी पडली होती. वर लिहिलेलं, ‘आवाजवाला मुलगा, बिल नाही.’ ‘मी वसंतला तीनदा विचारलं. तो म्हणायचा, घरचा मुलगा आहे, लागले की सांगेल. मी बिलाशिवाय पैसे देऊ शकत नाही, घरचा असो की दारचा.’

मी खुर्चीवर बसलो. न विचारता.

‘आता किती दिवस लागतील?’

‘बिल आल्यापासून पंचेचाळीस.’

‘मी चार दिवसांनी परत चाललोय.’

‘मग त्याने मला फोन करून सांगायला हवं की आजच दे. तो एकदा हो म्हणाला, की लगेच होईल.’

आता सरळ मार्ग काय होता? काकांना फोन करायचा. सांगायचं, काका, माझे पैसे द्या. चार शब्द. मी जिन्यात गेलो, फोन हातात घेतला. घसा साफ केला. आणि मग माझ्यातला अर्धी सुट्टी देणारा जागा झाला. मी कंपनीचा नंबर लावला आणि नाकातून, जरा दमेकरी, मध्येच बदाम चावल्यासारखा, काकांचा इंग्रजी आवाज काढला, ‘डेब्रा, लिसन, तो सुहासचा पेमेंट आहे ना, प्लीज रिलीज इट टुडे. गुड बॉय, व्हेरी गुड बॉय.’



मग डेब्राबाई म्हणाल्या, ‘मि. वसंत, तुम्ही नक्की कुठून बोलताय? कारण तुम्ही आत्ता माझ्यासमोर उभे आहात आणि माझे बदाम खाताय.’

काका त्या दिवशी बाहेर जेवायला गेलेच नव्हते, बाथरूममध्ये होते. फोन त्यांच्या हातात गेला.

‘हॅलो, मी वसंत. तिकडे कोण वसंत आहे?’

काय बोलणार, कुठल्या आवाजात?

‘वर ये,’ काका म्हणाले.

वर गेलो. सातही जण कॉम्प्युटरकडे बघत होते, म्हणजे ऐकत होते. काका रागावलेले नव्हते. त्याहून वाईट, त्यांचा चेहरा पडला होता.

‘मी असं बोलतो?’

‘थोडंसं, काका.’

डेब्राबाई म्हणाल्या, ‘हुबेहूब. फक्त तो प्लीज म्हणत नाही.’

‘सुहास, तुला पैसे पाहिजे होते तर मला का नाही सांगितलंस?’

‘अकरा महिने सांगतोय, काका.’

‘कधी? तू तर तब्येत विचारायचास! मी शैलाला म्हणायचो, पोरगं किती काळजी करतंय बघ माझी.’ मग खिडकीकडे बघत म्हणाले, ‘आता खोटं कशाला बोलू. कळत होतं मला थोडंथोडं. पण कंपनी अशी, दर महिन्याला चार जण मागणारे असतात. जो ओरडतो त्याला आधी देतो. तू ओरडत नव्हतास. तू म्हणालास घाई नाही. मला ते सोयीचं होतं.’

मग मी म्हटलं. कुणाचाही आवाज न काढता. ‘काका, मला माझे चार हजार दोनशे डॉलर पाहिजेत. आज. त्यातले निम्मे माझे नाहीत, गावातल्या तिघांचे आहेत.’ आवाज इतका बारीक निघाला की मला स्वतःला ओळखू आला नाही. पण निघाला.

काकांनी मान हलवली. आणि साताऱ्याचा माणूस चाळीस वर्षांनी जागा झाला. ‘चार हजार धरूया का सरळ?’

‘नको, काका. चार हजार दोनशे.’

‘बरं बाबा.’

डेब्राबाईंनी टाइप करायला घेतलं, मग थांबून म्हणाल्या, ‘ते एक्कावन्न डॉलर माझ्या किरकोळ खर्चाच्या पेटीतून दिलेत. ते आगाऊ रक्कम म्हणून वजा करते.’ काका घाईघाईने ‘अगं तो आशीर्वाद होता’ वगैरे बोलायला लागले, पण आशीर्वादाला डेब्राबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये रकाना नव्हता. चार हजार एकशे एकोणपन्नास. तेवढेच मिळाले. निघताना काकूंनी चकलीचा डबा पाठवला, त्याचं बिल लागलं नाही.

परत येताना विमानात शेजारच्या माणसाने विचारलं, कशी वाटली अमेरिका? मी म्हटलं, मस्त आहे, पण तिथे तब्येत विचारली तर लोक तब्येतच सांगतात. त्याला कळलं नाही. मला कळलं होतं असं वाटून मी मुंबईपर्यंत खूश होतो. मनातल्या मनात हे सगळं प्रवासवर्णन तयार करत होतो, कुठला आवाज कुठे काढायचा, हशा कुठे येणार, सगळं.

पहिला प्रयोग देशमाने बाईंच्या घरी. पैसे बँकेत आलेले, बाईंच्या वाट्याचे पाचशेच्या नोटांत काढून पिशवीत घेऊन गेलो. बाई तांदूळ निवडत होत्या. मी भाकरीवाला ऑफिसर केला, पोलीस केला, काका केले, डेब्राबाई केल्या. बाई हसत होत्या. मग मी कोर्टातली खिडकी केली. नखं दाखवून, आवाज लावून. ‘बाळा, पैसे कुठे मागितलेत?’ ‘खाली. इथे.’

बाईंचा हात तांदळात थांबला.

‘परत सांग ते.’

मला वाटलं आवडलं. मी परत केलं, अजून रंगवून.

‘म्हणजे तू मागितलेच नव्हतेस.’

‘बाई, तसं तोंडावर कसं…’

‘सुहास. मी दर महिन्याला विचारलं तेव्हा काय म्हणायचास? कंपनी अमेरिकन आहे, प्रोसेस असते. कसली प्रोसेस? तुझी लाज, ही प्रोसेस? त्या साताऱ्याच्या माणसासमोर तुला चांगला मुलगा राहायचं होतं. राहिलास. आणि मंदाची पोरगी वर्षभर घरी बसली. मी तिच्या आईच्या समोर दर महिन्याला चहा घेतला, कप हातात धरवत नव्हता मला. माझ्या चांगुलपणाचं काय? तो काय तुझ्या काकांच्या पायाशी ठेवायला होता?’

‘चुकलो, बाई.’

‘हा कुणाचा आवाज काढलास?’

‘माझाच आहे, बाई.’

‘मग लाव जरा त्याला कामाला. उठ. मंदाकडे जा, तिला इकडे घेऊन ये. वाटेत तिला सांग की उशीर कंपनीमुळे नाही झाला, तुझ्यामुळे झाला. हसवायचं नाही. हातवारे वगैरे करायचे नाहीत. सरळ सांगायचं.’

मी उठलो. पिशवी उचलून चपला घालायला लागलो तर मागून आवाज आला, ‘आणि ती पिशवी कुठे घेऊन निघालास? ठेव इथे. तू मंदाला तब्येत विचारून परत येशील.’